शेळ्यांची बुळकांडी : वऱ्हाडच्या कागदांतील एका रोगनामाची परीक्षा

जुन्या कागदांतून गुरांच्या मरीचा उल्लेख आढळला, कीं आपण संशोधक मंडळी तो दुष्काळाच्या किंवा सारासुटीच्या प्रकरणांत नोंदवून पुढें जातों. रोग कोणता, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आणि विचारलाच, तर ‘बुळकांडी’ या शब्दापुढें ‘रिंडरपेस्ट’ हा शब्द मांडून तो मिटविला जातो. अमरावती व अकोला या जिल्ह्यांच्या कागदांस हें समीकरण सर्वत्र लावितां येणार नाहीं, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे. विशेषतः जेथें मेलेलीं जनावरें शेळ्यामेंढ्या आहेत, तेथें या एका नांवाखालीं दोन निरनिराळे रोग झांकले गेले असण्याचा संभव आहे. हे रोग भिन्न आहेत ही गोष्ट कागदांनीं नव्हे, तर काचेच्या बाटलींत वाढविलेल्या पेशींनीं सिद्ध केली. म्हणून त्या पुराव्याचें स्वरूप आधीं समजून घेतलें पाहिजे.

आपल्या शेतकऱ्याचें रोगज्ञान तुच्छ नव्हतें. घसा सुजून श्वास कोंडला तर घटसर्प, फरा सुजून जनावर लंगडूं लागलें तर फऱ्या, तोंडांत व खुरांत व्रण पडले तर लाळ्या-खुरकूत. आणि ताप, तोंडांतील चट्टे, नाकाडोळ्यांतून स्राव व दुर्गंधी हगवण होऊन जनावर दगावलें तर बुळकांडी. हीं नांवें लक्षणांवरून पडलीं, कारण लक्षणांच्या पलीकडे पाहण्याचें साधन नव्हतें. १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखालीं आला. पुढें १८६९ सालीं गुरांच्या सांथींची चौकशी करण्यासाठीं हॅलन यांच्या अध्यक्षतेखालीं कमिशन नेमलें गेलें व १८७१ सालीं त्याचा अहवाल निघाला. १८८९ सालीं पुण्यास जंतुशास्त्राची सरकारी प्रयोगशाळा स्थापन झाली. ती १८९३ सालीं कुमाऊंतील मुक्तेश्वर येथें हलविण्यांत आली. तेथें १९२० नंतरच्या दशकांत एडवर्ड्स यांनीं रिंडरपेस्टचा विषाणु एका शेळींतून दुसरींत असा वारंवार नेऊन गुरांपुरता सौम्य केला व त्याची लस बनविली. त्या काळीं विषाणु वाढविण्याचें पात्र म्हणजे जिवंत शेळीच होती. गाईबैलांचा रोग शेळींत वाढतो हें असें प्रत्यक्ष दिसल्यावर, बुळकांडीच्या लक्षणांनीं मेलेली शेळी रिंडरपेस्टनेंच मेली, हा ग्रह दृढ होणें स्वाभाविक होतें.

या ग्रहास पहिला धक्का दूरच्या देशांत बसला. पश्चिम आफ्रिकेंतील आयव्हरी कोस्ट या तत्कालीन फ्रेंच वसाहतींत १९४२ सालीं गार्गादेनेक व लालान यांनीं एका रोगाचें वर्णन केलें. त्यांत शेळ्यामेंढ्या पटापट मरत, परंतु त्यांच्या शेजारीं बांधलेल्या गुरांस कांहीं होत नसे. ताप, नाकांतून घट्ट शेंबूड, खोकला, तोंडांत व्रण, हगवण व अखेरीस फुप्फुसाचा दाह, हा त्याचा क्रम. त्याच्या फ्रेंच नांवाच्या आद्याक्षरांवरून त्यास पी. पी. आर. म्हणतात. तथापि हा स्वतंत्र रोग, कीं शेळ्यांस सरावलेला रिंडरपेस्ट, हा वाद पुढें बरींच वर्षें चालला.

विषाणु जिवंत पेशीवांचून वाढत नाहीं. १९४९ सालीं एंडर्स, वेलर व रॉबिन्स या अमेरिकन संशोधकांनीं पोलिओचा विषाणु काचपात्रांतील पेशींत वाढवून दाखविला व त्याबद्दल १९५४ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. प्राण्याच्या मूत्रपिंडाचे बारीक तुकडे करावयाचे, ट्रिप्सिन या पाचक द्रव्यानें पेशी सुट्या करावयाच्या आणि पोषक द्रवांत ३७ अंश उष्णतेवर ठेवावयाच्या. कांहीं दिवसांत बाटलीच्या तळाशीं त्यांचा एकेरी थर पसरतो. त्यावर रोगी जनावराचें द्रव्य घातलें व त्यांत विषाणु असला, तर पेशी गोल होतात, एकमेकींत मिसळून अनेक केंद्रांच्या मोठ्या पेशी बनतात आणि थर फाटूं लागतो.

१९६२ हें वर्ष या प्रकरणांत महत्त्वाचें आहे. त्या वर्षीं जिल्बेर व मोनिए यांनीं पी. पी. आर. चा विषाणु मेंढीच्या पेशींत वाढविल्याचें प्रसिद्ध केलें. त्याच वर्षीं केनयांत काम करणाऱ्या प्लौराइट व फेरिस यांनीं वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत सौम्य केलेल्या रिंडरपेस्ट विषाणूची लस पुढें आणली. आणि त्याच वर्षाच्या मार्चांत जपानांतील चिबा विद्यापीठांत यासुमुरा यांनीं आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून ‘व्हेरो’ नांवाची अखंड वाढणारी पेशीपरंपरा सुरू केली.

परंतु केवळ थर फाटला एवढ्यानें निर्णय होत नाहीं, कारण हे दोन्ही विषाणु पेशींची जवळजवळ सारखीच दुर्दशा करतात. निर्णय रक्तरसानें होतो. ज्ञात रोगांतून उठलेल्या जनावराचा रक्तरस विषाणूंत मिसळून तें मिश्रण पेशींवर घालतात. प्रत्येक विषाणु आपल्या स्वतःच्या रोगाच्या रक्तरसानें अधिक जोरानें निष्प्रभ होतो, दुसऱ्याच्या रसानें कमी. अशा परीक्षांच्या आधारें १९७९ सालीं पी. पी. आर. चा विषाणु गोवर, कुत्र्यांचा डिस्टेंपर व रिंडरपेस्ट यांच्या कुळांतील चौथा स्वतंत्र घटक ठरला. भारतांत तो प्रथम १९८७ सालीं तमिळनाडूंतील अरसूर येथें ओळखला गेला. पुढें हिमाचल प्रदेशांतील सुंगरी येथील शेळ्यांपासून १९९६ सालीं मिळालेला विषाणु मुक्तेश्वरच्या संस्थेंत व्हेरो पेशींतून सुमारें ६० वेळां नेऊन त्याची लस तयार करण्यांत आली. पोथीची प्रत वारंवार उतरतांना लेखनिकाचे प्रमाद सांचत जातात, तसाच हा प्रकार. भेद इतकाच, कीं येथें प्रमाद सांचून विषाणु निरुपद्रवी झाला.

आतां वऱ्हाडाकडे वळूं. अकोला, अमरावती, वर्धा व नागपूर या भागांत बेरारी जातीची शेळी पाळली जाते. कपाशी बुडाली असतां बाजारांत नेऊन रोकड करितां येईल असें गरिबाचें धन म्हणजे शेळी; एका सांथींत कळप गेला, तर त्या घरावर काय प्रसंग येतो हें सांगावयास नको. रिंडरपेस्टचा भारतांतील शेवटचा प्रादुर्भाव १९९५ सालीं नोंदला गेला व २०११ सालीं जगांतून त्याचें निर्मूलन झाल्याचें जाहीर झालें. तरी आपल्याकडे शेळ्यांच्या पी. पी. आर. ला आजही बुळकांडीच म्हणतात. शब्द टिकला, त्याचा वाच्यार्थ पालटला. असे पालट इतिहासाच्या अभ्यासकांस नवे नाहींत. नवें एवढेंच, कीं येथें पालटाची साक्ष बाटलींतील पेशी देतात.

यावर एक आक्षेप संभवतो. पी. पी. आर. येथें १९८७ पूर्वीं होता कशावरून? पूर्वीं त्याची लस नसल्यानें रिंडरपेस्टचीच लस शेळ्यांस टोंचीत, व तिनें संरक्षणही मिळे; त्यामुळें टोंचलेल्या शेळ्यांच्या रक्तरसाची साक्ष गढूळ झाली. शिवाय विषाणूंच्या जनुकांची तुलना करून २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका गणितानें उपलब्ध पी. पी. आर. विषाणूंचा समान पूर्वज विसाव्या शतकाच्या आरंभाजवळ येतो. तेव्हां पेशवाईंतील किंवा निजामशाही अमलांतील कागदांस हा रोग लावणें धाडसाचें नव्हे काय? आक्षेप वजनदार आहे, पण निर्णायक नाहीं. उपलब्ध पोथ्यांची मूळ प्रत अमुक काळची ठरली, म्हणून ग्रंथही त्याच काळीं रचला गेला असें आपण म्हणत नाहीं. मधल्या शाखा नष्ट झालेल्या असतात. विषाणूंच्या वंशावळीसही हाच न्याय लागू आहे.

तात्पर्य, निश्चयाचें विधान दोन्ही बाजूंनीं टाळावें. कागदांत गुरें आधीं व शेळ्या मागाहून मेल्या असतील, तर रिंडरपेस्टकडे कल ठेवावा. त्याच गोठ्यांतील गुरें वांचून केवळ शेळ्या खोकून व हगवणीनें मेल्या असतील, तर पी. पी. आर. चा संशय नोंदवावा. लक्षणें दिलीं नसतील, तर नुसतें ‘मरी’ म्हणून थांबावें; कारण शेळ्यांस फुप्फुसाचे इतरही रोग होतात.

संग्राहकांस विनंति इतकीच, कीं अशा कागदांची नक्कल करतांना रोगाचें नांव शुद्ध करूं नये, त्याचें इंग्रजी भाषांतर मूळ संहितेंत घालूं नये, आणि जनावरांची जात, संख्या, महिना व गांव हे तपशील किरकोळ समजून गाळूं नयेत. मेलेल्या शेळीचा विषाणु आतां कोणत्याही बाटलींत वाढणार नाहीं. तिची साक्ष उरली असेल तर त्या चार शब्दांतच, आणि तीही आपल्या हातून पुसली जाऊं नये.