सायकलीवरून सोलापूर

मोडनिंबहून सोलापूर हमरस्त्याने साठेक किलोमीटर. मोटारीत बसले की डुलकी लागेपर्यंत शहर येते. पण गेल्या दिवाळीत मला सायकलीवरून जाण्याची लहर आली. आजी ओसरीवरून म्हणाली, "बाबा, कालव्याच्या कडंनं जपून जा. पानी खोल हाय."

गाव सुटले आणि सपाट मुलूख लागला. चढ नाही, उतार नाही. एका अंगाला पाण्याची चारी, दुसऱ्या अंगाला ऊस. नवख्याला वाटावे, हा प्रदेश असाच हिरवा जन्मला! पण भीमेवरचे उजनी धरण पुरे झाले १९८० साली. त्याआधी इथे ज्वारी पेरायची आणि आभाळाकडे पाहायचे.

शेटफळहून मुद्दाम वाट वाकडी करून आष्टीच्या तलावावर गेलो. हा तलाव १८७६-७७ च्या दुष्काळातला. उपाशी माणसांनी माती वाहून बांधलेला. त्या वेळी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरची मजुरी ठरवली ती अशी : पुरुषाला दिवसाकाठी एक पौंड धान्याचे मोल आणि वर एक आणा. एवढ्यात पोट भरेना, म्हणून मुंबई इलाख्यातले हजारो मजूर कामावरून उठून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची कड घेतली. आज त्या पाण्यावर पाखरे निवांत तरंगत होती.

मोहोळ मागे पडले. लांबोटीला चिवडा खाल्ला, चहा घेतला आणि दिवेलागणीला सोलापुरात शिरलो. १८७७ साली, त्याच दुष्काळाच्या दिवसांत, इथे जुनी गिरणी सुरू झाली. तिच्या भोंग्यावर शहर उठत असे. भोंगा केव्हाच थांबला. पण नव्या पेठेत सायकल हातात धरून चालावे लागले, एवढी गर्दी! आकाशकंदील, चादरींचे ढीग, मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू यांचा एकच कल्लोळ.

परतल्यावर आजीला तलावाची हकिकत सांगितली. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बाहत्तरच्या दुष्काळात मी बी खडी फोडलीय. सुकडी मिळायची. तुझ्या बापासाठी पदरात बांधून आणायची."

इतक्या वर्षांत हे मी तिला कधी विचारलेच नव्हते. तिने लाडवाची ताटली पुढे सरकवली. एरवी मी लाडू उभ्या उभ्या तोंडात टाकतो; त्या दिवशी तिच्याजवळ बसून खाल्ला.