दुवा-सस्पेन्शन

दुचाकी व तीनचाकी वाहनांच्या पुढील चाकाला रस्त्याचे धक्के सोसता यावेत म्हणून वापरली जाणारी एक यंत्रणा. बहुतेक मोटारसायकलींचे पुढचे चाक टेलिस्कोपिक फोर्कच्या दोन सरकत्या नळ्यांमध्ये बसवलेले असते. दुवा-सस्पेन्शनमध्ये ते पिनेभोवती फिरणाऱ्या आखूड पोलादी दुव्यावर असते. युरोप-अमेरिकेतील मोटारसायकलींत फोर्कचे पर्याय बहुधा मोजक्या, महागड्या नमुन्यांपुरते राहिले. महाराष्ट्रात मात्र स्कूटर आणि ऑटोरिक्षा यांच्या रूपाने अशी वाहने लाखोंच्या संख्येने तयार झाली.

रचना व कार्य : हँडलपासून खाली आलेल्या दांड्याच्या टोकाला दुवा जोडलेला असतो. चाक खड्ड्यात किंवा उंचवट्यावर गेले की दुवा पिनेभोवती वरखाली होतो. स्प्रिंग तो धक्का झेलते आणि तेल भरलेला शॉकअप तिची उसळी आवरतो. चाकाचा आस पिनेच्या मागे असेल तर दुवा मागचा, पुढे असेल तर पुढचा. हा फरक ब्रेक लावताना कळतो. ब्रेकची प्लेट दुव्यावरच पक्की असेल, तर चाकाबरोबर दुवाही फिरू पाहतो. त्यामुळे मागच्या दुव्याचे वाहन पुढून खाली दबते, तर पुढच्या दुव्याचे उचलले जाते. ब्रेकचा हा जोर वेगळ्या दांडीने सांगाड्याकडे वळवला की दोष बराच कमी होतो. टेलिस्कोपिक फोर्क ब्रेक लागताच आखूड होतो आणि सुकाणूचा कोन बदलतो. शिवाय नळ्या वाकल्या की सहज सरकत नाहीत. तरीही साधेपणा, कमी खर्च आणि चाकाला मिळणारी लांब हालचाल यांमुळे मोटारसायकलींत तोच रूढ झाला.

उगम : इटलीतील पिआज्जो कंपनीने 1946 मध्ये वेस्पा स्कूटर बाजारात आणली. तिचे रचनाकार कोरादिनो दास्कानिओ हे विमान-अभियंते होते. विमानाच्या उतरणचाकाप्रमाणे त्यांनी पुढचे चाक एकाच बाजूने धरले. त्यामुळे पंक्चर झाल्यास नट सोडून चाक मोटारीच्या चाकासारखे बाजूला काढता येते आणि स्टेपनी बसवता येते. त्याच काळातील लॅम्ब्रेटाने चाकाच्या दोन्ही बाजूंना मागचे दुवे वापरले.

महाराष्ट्रातील निर्मिती : बजाज उद्योगाची मुळे विदर्भात, वर्ध्यात आहेत. बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन 1945 मध्ये स्थापन झाली आणि 1948 पासून तिने आयात केलेल्या दुचाकी व तीनचाकी वाहनांची विक्री सुरू केली. पुढे बजाज ऑटो या नावाने कंपनीने पुण्याजवळ आकुर्डी येथे पिआज्जोच्या परवान्याखाली वेस्पा बनवल्या. परवाना 1971 मध्ये संपला आणि 1972 मध्ये त्याच धाटणीची ‘चेतक’ आली. दहा इंची चाके आणि पुढे एकाच बाजूचा दुवा ही तिची वैशिष्ट्ये होती. नोंदणी करून काही वर्षे थांबल्यावर हाती येणारी ही स्कूटर मध्यमवर्गीय कुटुंबांची मुख्य सवारी ठरली. सातारा येथे 1975 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्स कंपनीने याच कुळातील ‘प्रिया’ बनवली. मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने लॅम्ब्रेटा बाजारात आणली होती.

यवतमाळ जिल्ह्यातील उपयोग : एमएच-29 क्रमांकाच्या वाहनांत हे सस्पेन्शन आज सर्वांत ठळकपणे ऑटोरिक्षात दिसते. रिक्षाचे पुढचे चाक एका बाजूने धरलेले असून आखूड दुव्यावर हलते. तिन्ही चाके एकाच मापाची असल्याने एक स्टेपनी कुठेही चालते. वाटेत चाक बदलावे लागणाऱ्या चालकासाठी ही सोय मोलाची आहे. यवतमाळ, पुसद, वणी यांसारख्या शहरांतील डांबरी रस्त्यांवर स्कूटरची लहान चाके पुरेशी ठरतात. शेताकडे जाणाऱ्या पांधण रस्त्यांवर त्यांची मर्यादा उघड होते. काळी कपाशीची जमीन पावसात चिकट होते; चिखल चाक आणि मडगार्ड यांच्यात साचतो, आणि लहान चाक खड्ड्यात खोलवर उतरते. आखूड दुव्याला तेवढी हालचाल करता येत नाही. म्हणून शेतवाटेवर मोठ्या चाकांची टेलिस्कोपिक फोर्कची मोटारसायकल अधिक सोयीची असते. दुवा कमी प्रतीचा म्हणून असे होत नाही. चाकाचा आकार आणि हालचालीची लांबी ही त्याची खरी कारणे आहेत.

देखभाल : धूळ, पाणी आणि जादा भार यांमुळे दुव्याची पिन, बुश किंवा बेअरिंग झिजते. चाक आडवे हलणे, हँडल थरथरणे, टायर एका बाजूने घासला जाणे ही झिजेची लक्षणे होत. चाक जमिनीवरून उचलून दोन्ही हातांनी आडवे हलवून पाहिले की ढिलाई कळते. पावसाळ्यानंतर ग्रीस भरणे आणि शॉकअपमधून तेल गळते का हे पाहणे आवश्यक असते. चाक एकाच दुव्यावर असल्याने ढिलाईकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे आहे.

इतर पद्धती : ब्रिटिश अभियंता अर्नी अर्ल्स यांच्या लांब पुढच्या दुव्याची योजना बीएमडब्ल्यूने 1955 ते 1969 या काळात वापरली, साइडकार जोडलेल्या मोटारसायकलींना ती विशेष मानवली. बीएमडब्ल्यूच्या 1993 मधील टेलिलिव्हरमध्ये नळ्या राहिल्या, पण स्प्रिंग व शॉकअप वेगळ्या आडव्या भुजेवर गेले. त्यामुळे ब्रेक लावताना पुढचा भाग कमी दबतो. इटलीच्या बिमोटा तेसी (1990) आणि जपानच्या यामाहा जीटीएस 1000 (1993) या मोटारसायकलींत पुढचे चाक आडव्या भुजेने धरलेले असून सुकाणूची यंत्रणा फोर्कशिवाय चालते. होंडाने 2018 च्या गोल्ड विंगमध्ये दुहेरी भुजांची योजना आणली.

सद्यःस्थिती : दुवा वापरणाऱ्या होंडा ॲक्टिव्हाने 2020 मध्ये टेलिस्कोपिक फोर्क स्वीकारला. त्याच वर्षी विक्रीस आलेल्या बजाजच्या विजेवरील चेतकने मात्र पुढचे चाक एकाच बाजूने धरण्याची पद्धत कायम ठेवली. बारामती येथे 2012 पासून बनणाऱ्या वेस्पातही ती आहे. फोर्कच्या पर्यायांचा इतिहास परदेशी प्रयोगांपाशी थांबवला जातो, तेव्हा आकुर्डी, सातारा आणि बारामती येथील हे काम नोंदीबाहेर राहते. या यंत्रणेचा सर्वांत मोठा आणि दीर्घ वापर ज्या प्रदेशांत झाला, त्यांत महाराष्ट्राचे स्थान अग्रभागी आहे.