औषध आणि त्याचे वाहन

बडोद्याच्या वाडीवाडी भागाचे नाव भारतीय औषधनिर्मितीच्या इतिहासात साराभाई केमिकल्समुळे आले. १९४३ साली स्थापन झालेल्या या कारखान्याने पुढे अमेरिकेतील स्क्विब कंपनीशी सहकार्य केले.

याच स्क्विबच्या प्रयोगशाळेत १९५५ च्या सुमारास एक बुरशीनाशक हाती आले. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीकाठच्या मातीतील सूक्ष्मजीवापासून ते मिळाले होते. त्यास अँफोटेरिसिन-बी असे नाव देण्यात आले. मात्र ते पाण्यात विरघळेना. पित्तलवणाच्या साहाय्याने ते शिरेतून देण्याजोगे झाले खरे. पण रोग्यास हुडहुडी भरे, ताप चढे आणि मूत्रपिंडांस इजा होई. औषधाचा गुण निर्विवाद होता. प्रश्न होता तो, रोग्यास न दुखविता ते रोगस्थानी कसे न्यावे हा.

हा विचार आपल्याकडे अपरिचित नाही. एकच भस्म मधातून दिले असता एक गुण देते आणि तुपातून दिले असता दुसरा, असे वैद्य मानीत आले. या माध्यमास ते अनुपान म्हणतात. दूध हे तर निसर्गाने घडविलेले पायस, म्हणजेच इमल्शन होय. त्यात स्निग्धाचे थेंब पाण्यात तरंगतात आणि भोवतीच्या कवचामुळे एकमेकांत मिसळत नाहीत. स्वीडनचे आर्विड व्रेटलिंड यांनी सोयाबीनचे तेल व अंड्याच्या बलकातील फॉस्फोलिपिड यांचे असेच पायस सिद्ध केले. १९६२ पासून ते शिरेतून पोषणासाठी दिले जाऊ लागले. त्याचे थेंब एका मायक्रॉनहून लहान असल्याने केशवाहिन्यांत अडकत नाहीत. जे वाहन अन्न नेते, ते औषधही नेऊ शकेल, हे पुढे ओघानेच आले. १९८६ साली भुलीचे प्रोपोफॉल या वाहनातून प्रचारात आले.

अँफोटेरिसिनचेही असे पायस भारतात तयार झाले. ते करणाऱ्या भारत सीरम्स अँड व्हॅक्सिन्स या कंपनीचा कारखाना अंबरनाथ येथे आहे. स्निग्ध थेंबांत गुंतलेले औषध हळूहळू सुटते, त्यामुळे मूत्रपिंडांवरील आघात सौम्य होतो. तथापि सर्व वाहने सारखी नव्हेत. काळा आजारावर एकाच मात्रेत हे पायस देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. त्यात लायपोसोम या दुसऱ्या स्निग्ध वाहनाच्या तुलनेने ते उणे ठरले.

२०२१ साली कोविडपाठोपाठ म्युकरमायकोसिसची साथ आली. बडोद्याच्या सयाजी रुग्णालयात आणि महाराष्ट्रातील अनेक रुग्णालयांत रोग्यांची रीघ लागली. लायपोसोमयुक्त अँफोटेरिसिनचा देशभर तुटवडा पडला, तेव्हा पायसरूप औषधही उपयोगात आले. कित्येकांचा डोळा वाचेल की जाईल, हे त्या दिवसांत औषध वेळेवर मिळण्यावर अवलंबून होते. नवे औषध शोधणाऱ्याचे नाव इतिहास आदराने घेतो. ते औषध रोग्यास सोसेल असे करणाऱ्याचा मानही त्याहून कमी नाही.