लोकरीचा झेंडू

दसरा पंधरा दिवसांवर आला, की आमच्या मावशीची क्रोशाची सुई डब्यातून बाहेर निघते. खंडेनवमीला पुजण्यासारखं आमच्या घराण्यात तेवढं एकच शस्त्र उरलं आहे. साखळी, मुका खांब, खांब असं काहीतरी पुटपुटत ती केशरी-पिवळ्या लोकरीचे झेंडू विणते, हिरव्या लोकरीची आंब्याची पानं विणते, आणि दरवर्षी एकवीस फुलांचं एकेक तोरण कुणातरी भाच्याच्या दारावर चढतं. ताज्या फुलांचं तोरण हवंच, पण ते दोन दिवसांत मान टाकतं. मावशीचं मात्र दिवाळी ओलांडून पुढचा दसरा गाठतं.

यंदा पाळी माझी होती. तोरण हातात ठेवत मावशी म्हणाली, "पूर्वापार चालत आलेली कला आहे रे आपली. जप हो."

'पूर्वापार' हा शब्द ऐकला, की माझ्यातला इतिहाससंशोधक जागा होतो. एरवी तो झोपलेलाच असतो, असं आमच्या हिचं म्हणणं. मी पुस्तकं काढून बसलो.

पहिला घाव झेंडूवरच बसला. झेंडू मूळचा मेक्सिकोचा! तिथल्या अझ्टेक लोकांच्या भाषेत त्याचं नाव 'सेंपोअलशोचित्ल', म्हणजे वीस फुलं. (कवळी असलेल्यांनी हा शब्द मनातच वाचावा.) १५२१ साली स्पॅनिश लोकांनी अझ्टेकांची राजधानी घेतली. पुढे हे फूल समुद्र ओलांडून निघालं, आणि आपल्याकडे ते पोर्तुगिजांनी आणलं असं मानतात. कोकण-गोव्यात त्याला रोजाचं फूल म्हणतात, त्यात पोर्तुगिजांचा 'रोझा' म्हणजे गुलाब लपलेला आहे. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला मृतांच्या स्वागताला हीच फुलं मांडतात. म्हणजे त्यांच्या पितरांचं फूल आपण दसऱ्याला मोटारीच्या गळ्यात घालतो!

क्रोशे हा शब्द फ्रेंच, अर्थ छोटा आकडा. आयर्लंडात १८४५ साली बटाट्यावर रोग पडला, आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेनं नि आजारानं गेली. त्या काळात मठांतल्या नन्सनी गोरगरीब बायकांना क्रोशाची लेस शिकवली. ती विकून कितीतरी घरांत चूल पेटली. पाकळ्यांचे थरावर थर देऊन उठावाचा गुलाब विणण्याची त्यांची रीत प्रसिद्ध आहे. मावशीचा झेंडू असाच थराथरानं फुगतो.

राहिली लोकर. ती अ‍ॅक्रिलिकची! मेंढीचा आणि तिचा काडीचा संबंध नाही. तो धागा अमेरिकेत १९५० साली बाजारात आला.

एवढा दारूगोळा घेऊन मी मावशीकडे गेलो आणि सगळा उडवला. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"त्या बायकांच्या पोटाला मिळालं ना पण?"

"मिळालं."

"मिळणारच. तुझे काका गेले, त्या वर्षी पोरांची फी मी टेबलक्लॉथ विणूनच भरली."

हे मला ठाऊक नव्हतं. इतिहासाच्या एकाही पुस्तकात नव्हतं.

"तोरणाची फुलं मोजलीस का?" तिनं विचारलं.

मी मोजली होती. वीस. त्या अझ्टेक नावाशी आकडा तंतोतंत जुळला म्हणून मी खूशसुद्धा झालो होतो.

"एकविसावं नाही झालं रे. रात्री केशरी कुठली नि पिवळी कुठली, तेच कळेना. डोळे दमले आता."

मी गप्प. तिनं सुई माझ्या हातात दिली. "बैस. सहा साखळ्या घाल. इतिहास नंतर."

त्या सहा साखळ्यांना माझा पाऊण तास गेला आणि फुलाला तीन दिवस. एकविसावं फूल आता तोरणाच्या अगदी मधोमध आहे. मावशीनंच ते तिथं बांधलं. येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "मधे कांदाभजी का लावलीय?"

मी सांगतो, "पूर्वापार चालत आलंय."