क्ष-किरण तपासणी : बालकांची पूर्वतयारी

राँटगेन यांनी १८९५ मध्ये लावलेल्या शोधानंतर क्ष-किरण लवकरच रोगनिदानासाठी वापरात आले. त्या काळी चित्रणास बराच वेळ लागे व मुलांना धरून ठेवावे लागे. ब्रिटनमधील प्लॅट समितीच्या अहवालाने (१९५९) रुग्णालयात आईवडिलांना मुक्त प्रवेश व मुलांची मानसिक पूर्वतयारी यांवर भर दिला. भ्यालेले मूल हलते, चित्र अस्पष्ट येते व ते पुन्हा घेतल्यास किरणमात्रा वाढते. वाढत्या ऊतकांना ती प्रौढांपेक्षा अधिक अपायकारक असते. औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या (स्थापना १९५६) रुग्णालयात मराठवाड्याच्या खेड्यांतूनही मुले येतात. यंत्र दुखवीत नाही, क्षणभर स्तब्ध राहावयाचे, एवढेच त्यांना घरच्या बोलीत, मराठीत वा दखनीत, आधी सांगणे हा तपासणीचाच भाग ठरतो.