लोहाचें व पाषाणाचें चुंबकत्व

बीड जिल्ह्यांतील चौसाळा हें गांव बालाघाटच्या पठारावर वसलेलें आहे. तेथील काळा पाषाण म्हणजे सुमारें 6 कोटी 60 लक्ष वर्षांपूर्वीं वाहिलेला लाव्हारस होय. तो निवाला तेव्हां त्यांतील लोहयुक्त कणांनीं त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धारण केली. ती दिशा वाचण्यास शास्त्रज्ञांच्या उपयोगीं पडलेली युक्ति यंत्रशाळेंतही नित्याचीच आहे.

1868 सालीं इंग्लंडांत सॅक्सबी यानें तोफांच्या नळ्यांतील दोष होकायंत्राच्या साह्यानें शोधले. पुढें विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत अमेरिकेंतील विल्यम होक यास असें आढळलें कीं, चुंबकानें धरून ठेवलेला पोलादी भाग घासतांना पडणारा चुरा त्या भागाच्या भेगेवर रेघेसारखा जमतो. डोळ्यांस न दिसणारी भेग यामुळें उघड होऊं लागली.

परंतु परीक्षा संपली तरी चुंबकत्व मागें उरतें. तसाच भाग यंत्रांत बसविल्यास तो लोखंडी कीस ओढून घेतो व शेजारचे भाग झिजवितो. विमानांत तो होकायंत्रासही चकवूं शकतो. म्हणून तो भाग प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाहाच्या वेटोळ्यांतून सावकाश दूर नेतात. आपल्याकडील प्रवाहांत चुंबकक्षेत्राची दिशा सेकंदास 100 वेळां उलटते. भाग जसजसा दूर जातो तसतसा क्षेत्राचा जोर घटतो आणि अखेर चुंबकत्व जवळजवळ नाहींसें होतें. प्रवाह मध्येंच तोडला तर श्रम वायां जातात.

पाषाणाच्या बाबतींत हेतु निराळा असतो. लोहांतील चुंबकत्व सर्वच उतरावयाचें. पाषाणांतील मात्र मागाहून चढलेलें तेवढें काढून मूळचें राखावयाचें. वीज पडल्यानें, किंवा पृथ्वीच्या क्षेत्रांत युगानुयुगें राहिल्यानें, पाषाणावर दुसरें चुंबकत्व चढतें. तें बहुधा लवकर सुटतें. मूळचें चिवट असतें. म्हणून क्षेत्राचा जोर पायरीपायरीनें वाढवीत प्रत्येक वेळीं मोजणी करावी लागते.

दख्खनच्या पाषाणाविषयींचे निष्कर्ष 1956 सालीं क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनीं प्रसिद्ध केले. 1959 सालीं डॉइच, राधाकृष्णमूर्ति व सहस्रबुद्धे यांचा प्रबंध आला. लाव्हा वाहिला तेव्हां ही भूमि विषुववृत्ताच्या दक्षिणेस सुमारें 30 अंशांवर होती, असें या संशोधनांतून दिसून आलें. आज चौसाळा उत्तरेस सुमारें 19 अंशांवर आहे. भूखंडें सरकतात हें वेगेनरचें 1912 चें मत दीर्घकाळ अनेकांस अमान्य होतें. त्याच्या बाजूनें हा सबळ पुरावा ठरला. उपरें तेवढेंच पुसलें, म्हणूनच मूळचें वाचतां आलें.