नमुना-कालखंड, अर्थमितीय संगणनातील
कालश्रेणीवरून समीकरणाचे गुणांक काढताना ज्या वर्षांची, तिमाहींची वा महिन्यांची निरीक्षणे हिशेबात धरली जातात, त्या मुदतीस नमुना-कालखंड म्हणतात. ही मुदत बदलली की समीकरण तेच राहूनही निष्कर्ष बदलू शकतो.

संगणकाचा प्रसार होण्यापूर्वी ही मर्यादा संशोधक स्वतः आखीत असे. लॉरेन्स क्लाइन यांच्या १९५० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकाविषयक पहिल्या प्रतिमानात १९२१–४१ या २१ वर्षांची निरीक्षणे आहेत. परंतु उपभोग व गुंतवणूक यांच्या समीकरणांत मागील वर्षाचा नफा येत असल्याने आकडेवारी १९२० पासून घ्यावी लागली. निरीक्षणे केवळ अनुक्रमांकाने ओळखली, तर श्रेणीच्या आरंभी एक वर्ष वाढताच सर्व क्रमांक सरकतात आणि जुनी आज्ञा भलतीच वर्षे उचलते.

रॉबर्ट हॉल यांनी १९६०–७० या दशकाच्या मध्यास मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे ‘टाइम सिरीज प्रोसेसर’ (टीएसपी) ही आज्ञावली रचली. तिच्या परंपरेत कालखंड थेट वर्षांनी सांगता येऊ लागला. ‘एसएमपीएल १९२१ १९४१’ अशी आज्ञा दिली की ती बदलेपर्यंत पुढील सर्व गणितांस लागू राहते. डेव्हिड लिलियन यांच्या मायक्रोटीएसपीने (१९८१) ही पद्धत सूक्ष्मसंगणकावर आणली व ईव्ह्यूजने (१९९४) ती पुढे चालविली. सोयीबरोबर धोकाही आला : विस्मरणाने राहिलेली जुनी मर्यादा पुढील समीकरणासही लागू होते, तसेच मागील आकडे उपलब्ध नसलेली आरंभीची वर्षे आपोआप गळतात. त्यामुळे दोन समीकरणांची तुलना कधीकधी वेगवेगळ्या कालखंडांवर होते.

स्टाटा (१९८५) या आज्ञावलीत तारीख म्हणजे १९६० च्या आरंभापासून मोजलेली संख्या होय. १०० ही संख्या दिवसांची मानल्यास १० एप्रिल १९६०, महिन्यांची मानल्यास मे १९६८ आणि तिमाहींची मानल्यास १९८५ ची पहिली तिमाही दर्शविते. भारतीय आकडेवारीत आणखी एक दक्षता लागते. वित्तीय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होत असल्याने त्याची पहिली तिमाही ही पंचांगवर्षाची दुसरी तिमाही असते.

निवडीचे परिणाम किती दूरवर पोहोचतात, हे कार्मेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ यांच्या २०१० मधील सार्वजनिक कर्जविषयक निबंधावरून दिसते. कर्ज राष्ट्रीय उत्पादनाच्या ९० टक्क्यांहून अधिक असता सरासरी वाढ उणे ०.१ टक्का असल्याचे १९४६–२००९ च्या आकड्यांवरून त्यात दाखविले होते. थॉमस हर्नडन, मायकेल ॲश व रॉबर्ट पोलिन यांनी २०१३ मध्ये फेरगणना करून ती २.२ टक्के असल्याचे दाखविले. स्प्रेडशीटमधील ओळींच्या चुकीच्या मर्यादेमुळे पाच देश वगळले गेले होते. तथापि फरकाचा मोठा भाग काही देशांची युद्धोत्तर वर्षे वगळल्याने व भारांकनाच्या पद्धतीमुळे पडला होता. म्हणून प्रत्येक निष्कर्षासोबत प्रत्यक्ष वापरलेला कालखंड व निरीक्षणांची संख्या देणे आवश्यक ठरते.